ल्युपससाठीचे रक्तचाचणी पॅकेज आणि त्याला जोडलेली ‘मेटाबोलिक प्रोफाइल’ : त्वचेबद्दल रक्त काय सांगते?

पुण्यातील एका खाजगी प्रयोगशाळेचे ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या आजाराच्या) रुग्णांसाठीचे रक्तचाचणी पॅकेज आणि त्यासोबत जादा पैसे भरून मिळणारी ‘मेटाबोलिक प्रोफाइल’ (रक्तातील चरबी, अमिनो आम्ले अशा चयापचयातील रेणूंची मोजणी) अशा दोन्ही तपासण्या मी नुकत्याच करून घेतल्या. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही, कारण या धर्तीची पॅकेजेस आता अनेक ठिकाणी मिळतात आणि मला जे सांगायचे आहे ते अशा सर्वच सेवांना लागू पडते. मला ल्युपस आहे, तोही मुख्यतः त्वचेवर दिसणारा. शिवाय निवृत्त होईपर्यंत मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत होते. त्यामुळे अहवालातील आकड्यांकडे मी रुग्ण म्हणूनही पाहते आणि विषयाची अभ्यासक म्हणूनही. माझे मत आधीच सांगते : मूळ पॅकेज विचारपूर्वक बांधलेले आहे आणि घेण्याजोगे आहे, परंतु ‘तुमच्या त्वचेवरील ल्युपसचा अंदाज’ या नावाखाली विकली जाणारी मेटाबोलिक जोडतपासणी आजच्या घडीला त्या कामासाठी घेऊ नये.

मूळ पॅकेजमध्ये सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), दाह दाखवणारे ईएसआर व सीआरपी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, एएनए आणि अँटी-डीएसडीएनए (पेशीच्या केंद्रकावर आणि त्यातील डीएनएवर उलटणारी प्रतिपिंडे), प्रतिकारशक्तीतील सी३ आणि सी४ ही कॉम्प्लिमेंट प्रथिने, आणि सकाळच्या लघवीची तपासणी व तिच्यातील प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर इतक्या गोष्टी येतात. लघवीची तपासणी समाविष्ट केल्याबद्दल प्रयोगशाळेचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. त्वचेपुरता ल्युपस आहे असे समजून निर्धास्त राहिलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडात दाह सुरू झाला, तर पहिल्या टप्प्यात दुखत नाही, सूज दिसत नाही, काही जाणवतच नाही. लघवीतून प्रथिन जाऊ लागले आहे एवढीच खूण मिळते. ही साधी, स्वस्त तपासणी अनेक महागड्या पॅकेजांत नसते.

एएनए कोणत्या पद्धतीने केली आहे हे अहवालात स्पष्ट लिहिलेले होते, हीदेखील जमेची बाजू. हेप-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर इम्युनोफ्लुरोसन्सने (चमकणाऱ्या रंगाने सूक्ष्मदर्शकाखाली) केलेली एएनए आणि एलायझाने (रंगबदलावरून मोजणाऱ्या चाचणीने) केलेली एएनए यांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. मात्र ज्यांचे निदान पूर्वीच झाले आहे त्यांना दर वेळी एएनए करण्याची काही गरज नसते. ही चाचणी निदानाच्या दारात एकदा उपयोगी पडते. २०१९ साली युरोपीय आणि अमेरिकन संधिवात संघटनांनी मिळून केलेल्या वर्गीकरणातही १:८० किंवा त्याहून अधिक टायटर (रक्त किती पातळ केले तरी प्रतिपिंड दिसते ते प्रमाण) ही केवळ प्रवेशाची अट आहे. त्याच १:८० टायटरला निरोगी माणसांपैकी सुमारे १३ टक्के माणसेही पॉझिटिव्ह येतात, हे विसरता कामा नये. रोग वाढला की कमी झाला हे एएनए सांगत नाही. पाठपुराव्यासाठी एएनए वगळून थोडे स्वस्त पॅकेज प्रयोगशाळेने ठेवावे, अशी सूचना मी त्यांना लेखी दिली आहे.

आता प्रश्न असा की, या मूळ चाचण्यांतून त्वचेबद्दल किती कळते? प्रामाणिक उत्तर ‘फार थोडे’ असे आहे. ल्युपसच्या रुग्णांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के जणांना कधी ना कधी त्वचेचा त्रास होतो, पण त्वचेवरचा ल्युपस हा एकच आजार असल्यासारखा वागत नाही. गालांवर व नाकावर पसरणारी तीव्र लाली बहुधा शरीरभर रोग जागा झाल्याचे सांगते, आणि अशा वेळी अँटी-डीएसडीएनए वाढलेले व कॉम्प्लिमेंट घटलेले आढळू शकते. छाती, पाठ आणि दंडांवर उन्हानंतर उठणाऱ्या, कडा असलेल्या वलयाकार चट्ट्यांच्या प्रकारात अँटी-रो ही प्रतिपिंडे बहुसंख्य रुग्णांत सापडतात. डिस्कॉइड प्रकारात, म्हणजे कान, चेहरा आणि डोक्यावर जाड खपलीचे चट्टे येऊन मागे व्रण राहतो त्या प्रकारात, एएनए निगेटिव्ह, डीएसडीएनए निगेटिव्ह, कॉम्प्लिमेंट व्यवस्थित, ईएसआर व्यवस्थित असा संपूर्ण ‘नॉर्मल’ अहवाल येऊ शकतो आणि तरीही रोग केसांची मुळे जाळत असतो. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी असाच स्वच्छ अहवाल हाती आल्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे लांबवले, आणि टाळूवरच्या ज्या भागात व्रण तयार झाले तेथे केस पुन्हा आले नाहीत. या प्रकारातले केस गेले की गेले. म्हणूनच अहवालाच्या शेवटी ‘सर्व निकाल मर्यादेत’ असे हिरव्या अक्षरांत छापण्याआधी प्रयोगशाळांनी थोडे थांबावे, असे मला कळकळीने वाटते.

अँटी-रो या पॅकेजमध्ये नाही, ही मला मोठी उणीव वाटते. ती एकदाच करावी लागते. पॉझिटिव्ह आली की वारंवार करण्याचे कारण उरत नाही. पण त्वचेच्या रुग्णासाठी तिचे मोल फार आहे, आणि मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या स्त्रीसाठी तर त्याहून अधिक. अँटी-रो असलेल्या मातेच्या बाळाला जन्मजात हार्ट ब्लॉक (हृदयाच्या ठोक्याचे संदेश अडणे) होण्याचा धोका सुमारे २ टक्के असतो, आणि तो आधी माहीत असेल तर गर्भारपणात बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवता येते, औषधाचे नियोजनही करता येते.

‘मेटाबोलिक प्रोफाइल’बद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिच्यामागची कल्पना पोकळ नाही. ल्युपसमध्ये त्वचेवर पडलेल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर पडतो, तो नीट साफ होत नाही आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी त्याला विषाणू समजून टाइप-१ इंटरफेरॉन ही विषाणूविरोधी संदेश देणारी प्रथिने सोडू लागतात. ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तपेशींत या इंटरफेरॉनने चेतवलेल्या जनुकांचा ठसा उमटलेला असतो, हे २००३ च्या सुमारास स्पष्ट झाले. आणि २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे औषध नेमके याच इंटरफेरॉनच्या ग्राहीला (पेशीवरील ज्या प्रथिनाला ते चिकटते त्याला) अडवते आणि त्वचेवर त्याचा परिणाम चांगला दिसतो. इंटरफेरॉनमुळे आयडीओ नावाचे विकर वाढते, आणि ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे रूपांतर कायन्युरेनिनमध्ये करते. म्हणजे रक्तातील ट्रिप्टोफॅन घटणे आणि कायन्युरेनिन वाढणे ही इंटरफेरॉनच्या हालचालीची सावली मानता येते. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे अँड्रास पर्ल यांच्या गटाने २०१५ साली ल्युपसच्या रुग्णांच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमधील शेकडो मेटाबोलाइट (चयापचयातील लहान रेणू) तपासले, तेव्हा निरोगी माणसांपासून रुग्णांना वेगळे ओळखण्यात कायन्युरेनिन सर्वांत पुढे होते. शिवाय ते पेशींतील एमटॉर ही वाढीची यंत्रणा चालू करते असेही त्यांना दिसले. चरबीच्या बाबतीत तर याहून जुनी माहिती आहे : रोग सक्रिय असताना एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल खाली येते, ट्रायग्लिसराइड आणि ते वाहणारे व्हीएलडीएल वर जातात. एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्रांनी रक्तातील असे शेकडो लहान रेणू एकाच नमुन्यातून मोजता येऊ लागल्यापासून, मूत्रपिंडाचा ल्युपस असलेल्यांचे रक्त आणि केवळ त्वचेचा ल्युपस असलेल्यांचे रक्त यांत काही फरक सापडतो का, हा रास्त प्रश्न संशोधक विचारू लागले आहेत.

प्रश्न रास्त असणे आणि त्याचे उत्तर माझ्या अहवालात छापता येण्याजोगे असणे यांत मात्र फार मोठे अंतर आहे. शंभर रुग्णांच्या गटाची सरासरी शंभर निरोगी माणसांच्या सरासरीहून वेगळी निघाली, तरी दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असू शकतात की, समोर बसलेल्या एका माणसाच्या आकड्यावरून काहीच ठरवता येऊ नये. त्यातही कायन्युरेनिन साध्या विषाणूसंसर्गातही वाढते, वयानुसार बदलते, गर्भारपणात ट्रिप्टोफॅन खाली जाते, आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले की कायन्युरेनिन रक्तात साचते. ज्या आजारात त्वचा आणि मूत्रपिंड दोन्हींना धोका असतो, त्याच आजारात हा आकडा त्वचेमुळे वाढला की मूत्रपिंडामुळे, हे त्या आकड्याला सांगता येत नाही. मुळा-मुठेच्या संगमाखाली भरून घेतलेल्या तांब्यातले पाणी पाहून गाळ कोणत्या नदीने आणला हे जसे ओळखता येत नाही, तसेच शिरेतून काढलेल्या रक्ताचे आहे. त्यात यकृत, स्नायू, आतडी, चरबी आणि त्वचा या सर्वांचे देणेघेणे एकत्र आलेले असते, आणि त्यांत त्वचेचा वाटा लहान असतो.

औषधांचाही विचार अहवालात कोठे दिसला नाही. ल्युपसच्या बऱ्याच रुग्णांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असते. स्टिरॉइडमुळे यकृतातील टीडीओ हे विकर वाढते, आणि तेही ट्रिप्टोफॅनला त्याच कायन्युरेनिनच्या वाटेला लावते. स्टिरॉइडमुळे साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात हे तर घरोघरी माहीत आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचे नेहमीचे औषध उलट दिशेने, साखर आणि एलडीएल काहीसे खाली आणते. रक्त घेताना मी कोणती औषधे किती मात्रेत घेते हे अर्जात विचारलेले नव्हते. ही माहिती न घेता ल्युपसच्या रुग्णाच्या चयापचयाचा अर्थ लावणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

रक्त घेण्याच्या पद्धतीबद्दल सांगायचे तर, घरी आलेला तंत्रज्ञ अत्यंत सौजन्यशील आणि हाताने सफाईदार होता. त्याने हातमोजे बदलले, प्रत्येक नळीवर माझ्यासमोर नाव व वेळ लिहिली, बारा तासांच्या उपवासाची खात्री करून घेतली. सीबीसी, क्रिएटिनिन, डीएसडीएनए यांसारख्या चाचण्यांसाठी एवढी काळजी पुरेशी आहे. अमिनो आम्लांसाठी ती पुरेशी नाही. रक्त नळीत गेल्यावरही त्यातील पेशी जिवंत असतात आणि आपले काम चालू ठेवतात. खोलीच्या तापमानाला साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते, लॅक्टेट वाढते, तांबड्या पेशींतील आर्जिनेज हे विकर आर्जिनिनचे ऑर्निथिन करते, ग्लुटामिनचे हळूहळू ग्लुटामेट होते. म्हणून अशा मोजणीसाठी रक्त लगेच थंड करून, प्लाझ्मा (पेशींशिवायचा द्रव भाग) लवकर वेगळा करून गोठवावा लागतो. माझ्या नळ्या इतर घरांच्या नळ्यांबरोबर दुचाकीवरच्या पेटीत फिरून दुपारी प्रयोगशाळेत पोहोचल्या. पेटीत बर्फाची पाकिटे होती, हे खरे. पण प्लाझ्मा वेगळा केला गेला तो दुपारीच. चाचणी करणारे यंत्र कितीही उत्तम असले तरी वाटेत बदललेले रेणू ते पूर्ववत करू शकत नाही.

आणि तरीही अहवालाच्या शेवटच्या पानावर लिपिड, ड जीवनसत्त्व, होमोसिस्टीन आणि अमिनो आम्ले यांच्या आकड्यांवरून काढलेला एक रंगीत काटा होता, आणि त्याखाली ‘त्वचा : मध्यम जोखीम’ असे लिहिले होते. हे गणित कसे केले, कोणत्या रुग्णांवर पडताळून पाहिले, त्यांत भारतीय रुग्ण किती होते, याचा एका ओळीचाही खुलासा नव्हता. माझ्या तीव्र आक्षेपाचे कारण हे पान आहे. तज्ज्ञ ते बाजूला सारतील, पण ज्या मुलीला नुकतेच ल्युपसचे निदान झाले आहे आणि जी रात्री मोबाइलवर हा अहवाल उघडून बसली आहे, तिने या काट्याचे काय करायचे?

त्वचेवरील ल्युपस मोजण्याचे साधन उपलब्ध नाही असे नाही. २००५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हिक्टोरिया वर्थ यांच्या पुढाकाराने ‘क्लासी’ ही गुणपद्धती तयार झाली. त्यात डोके, कान, नाक, चेहरा, गळा, छातीपासून पावलांपर्यंत शरीराचे १३ भाग तज्ज्ञ डोळ्यांनी पाहतात. लाली आणि खपली यांना, तसेच तोंडातील व्रण व केसगळती यांना सक्रियतेचे गुण देतात, आणि डाग व व्रण यांना हानीचे गुण वेगळे देतात. सक्रियतेचे गुण ० ते ७०, हानीचे ० ते ५६. चालू असलेला दाह आणि मागे राहिलेले नुकसान यांची फारकत करणे ही या पद्धतीची खरी ताकद आहे, कारण औषध दाहावर चालते, जुन्या व्रणावर नाही. सरावलेल्या डॉक्टरांना यासाठी काही मिनिटे पुरतात, आणि आज औषधांच्या चाचण्यांतही त्वचेचा निकाल याच गुणांवर ठरतो.

तरीसुद्धा रक्तातील विश्वासार्ह खूण मिळावी अशी इच्छा मला आहेच, आणि ती आपल्याकडच्या रुग्णांसाठी विशेष आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर लाली पुस्तकातल्या छायाचित्रांसारखी लालबुंद दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळपट दिसते, आणि दाह ओसरल्यावर राहिलेला काळा डाग चालू दाहापासून वेगळा ओळखणे अवघड जाते. अनेक बायका तो वांग समजून महिनोन्‌महिने क्रीम लावत राहतात. अशा वेळी ‘आतमध्ये दाह चालू आहे’ एवढे जरी रक्तातून नक्की कळले, तरी किती चेहरे आणि किती केस वाचतील. म्हणूनच या क्षेत्रातले संशोधन पुढे जावे असे वाटते, आणि म्हणूनच ते अर्धवट अवस्थेत काट्याच्या रूपात विकले जाऊ नये असेही वाटते. तूर्त शंका असेल तेथे लहानसा तुकडा काढून बायोप्सी आणि डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स (त्या तुकड्यात साठलेली प्रतिपिंडे दाखवणारी चाचणी) करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

जोडतपासणीतील सर्वच वाया गेले असे मात्र मी म्हणणार नाही. लिपिड तपासणी ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाने करावीच, पण ती हृदयासाठी. १९९७ साली पिट्सबर्ग येथील अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या तुलनेत ५० पटींहून अधिक आढळले होते; तेव्हापासून कोलेस्टेरॉलकडे दुर्लक्ष करणे कोणालाच परवडणारे नाही. ड जीवनसत्त्वही तपासावे, कारण आम्हा रुग्णांना ऊन टाळावे लागते आणि ते कमी पडतेच. या दोन्ही चाचण्या वेगळ्या मागवल्या, तर जोडतपासणीच्या किमतीच्या लहानशा भागात होतात.

याऐवजी प्रयोगशाळेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची रक्तातील पातळी मोजण्याची सोय केली असती, तर त्वचेच्या रुग्णांचे खरे भले झाले असते. फ्रान्समधील संशोधकांनी त्वचेचा ल्युपस असलेल्यांमध्ये ही पातळी मोजली, तेव्हा ज्यांचे चट्टे बरे झाले होते त्यांच्या रक्तात औषध अधिक होते, आणि औषध लागू पडत नाही असे वाटणाऱ्या काहींच्या रक्तात ते जवळजवळ नव्हतेच. म्हणजे काही वेळा औषध बदलण्याआधी ते नियमित घेतले जात आहे का, हे पाहणे पुरते. या औषधाची मात्रा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायची असते, सुरुवातीला आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांची तपासणी करायची असते, आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्वचेवर त्याचा गुण कमी येतो. यांपैकी एकही गोष्ट अहवालासोबतच्या ‘आहार व जीवनशैली सल्ल्या’त नव्हती, उन्हापासून संरक्षणाचा उल्लेखही नव्हता. बदाम-अक्रोड खाण्याचा मात्र होता.

सेवेच्या इतर अंगांबद्दल तक्रार नाही. अहवाल सांगितलेल्या वेळेत व्हॉट्सअ‍ॅपवर आला, छापील प्रत मागितल्यावर मिळाली. शेवटच्या पानाबद्दल मी दूरध्वनी केला तेव्हा तेथील पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बोलल्या, आणि हा काटा ल्युपसच्या रुग्णांवर पडताळलेला नाही हे त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केले. त्यांचा मोकळेपणा मला आवडला. तेच वाक्य पानावर छापावे एवढेच मी त्यांना म्हटले. डीएसडीएनए मोजण्याची पद्धत बदलली तर कळवू, असेही त्यांनी सांगितले. पद्धत बदलली की जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवण्यात अर्थ उरत नाही, आणि म्हणूनच पाठपुराव्याच्या चाचण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत कराव्यात.

आपल्या रक्ताचा या शोधाला उपयोग व्हावा असे ज्यांना वाटते, त्यांनी जोडतपासणीचे पैसे भरण्यापेक्षा आपल्या डॉक्टरांमार्फत एखाद्या शिक्षण-रुग्णालयाच्या संधिवात किंवा त्वचारोग विभागात चौकशी करावी. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संशोधन संस्था आहे, आणि ल्युपसमधील प्रतिपिंडांवर तेथे काम झालेले आहे. अशा ठिकाणी संशोधनात भाग घ्यायचा तर नैतिक समितीने मान्य केलेले संमतिपत्र वाचून सही करावी लागते, औषधांची नोंद होते आणि रक्त लगेच थंड केले जाते की नाही हे आपल्याला विचारता येते. त्याच भेटीत कोणी आपल्या त्वचेचे तेराही भाग पाहून गुण लिहिणार आहे का, हेही अवश्य विचारावे. कारण रक्तातला आकडा आणि त्याच दिवशीची त्वचा यांची नोंद शेजारी शेजारी झाली, तरच त्या आकड्याला त्वचेबद्दल काही सांगता येईल.